दोनाचे झाले सात, भरायचे आम्ही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पत्र जरा लांबलंय, आधीच माफी मागते. तुमच्या पेपरात हल्ली रोज एक तरी पत्र असतं की विजेचा नवीन मीटर लावला आणि बिल दुप्पट आलं, मीटर फास्ट आहे, लूट आहे वगैरे. मी पण अगदी तसंच पत्र लिहायला बसले होते जून महिन्यात. बरं झालं पाठवलं नाही, कारण नंतर जे निघालं ते वेगळंच होतं, आणि मला वाटतं ते जास्त लोकांच्या उपयोगाचं आहे.

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीत राहतो, चार मजली जुनी बिल्डिंग, सोळा बिऱ्हाडं, मीटररूम जिन्याखाली, तिथेच दोन स्कूटर आणि गणपतीचं मखर ठेवलेलं. घरात आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई. एक फ्रिज, एक गिझर, बेडरूमला दीड टनाचा एसी जो फक्त रात्री लागतो. मी पतपेढीत एकतीस वर्षं लेजरला काढली त्यामुळे बिलं फाईलला लावायची सवय, म्हणून सांगू शकते की आमचं हिवाळ्यात दीडशेच्या आसपास आणि एप्रिल-मेमधे सव्वादोनशेपर्यंत युनिट जातं. बिल पंधराशे ते तेवीसशे-चोवीसशे. वर्षानुवर्षं हेच.

मे महिन्याचं बिल आलं अकरा हजार चाळीस रुपये.

आधी वाटलं मागची थकबाकी असेल. नाही. मग वाटलं ते सुरक्षा ठेवीचं असेल, कारण उन्हाळ्यात वर्षाच्या वापरावरून ठेव परत मोजतात आणि फरकाचं वेगळं बिल पाठवतात, आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकांनी ते बिल बघून आख्खी बिल्डिंग डोक्यावर घेतली होती. पण हे ते पण नव्हतं. हे साधं चालू महिन्याचं बिल, एकूण वापर ७१८ युनिट.

मग घरात जे सुरू झालं ते तुमच्याकडेही होत असेल. आमचे हे म्हणाले मुलगा घरून काम करतो ना, दिवसभर लॅपटॉप आणि पंखा. मुलगा म्हणाला आजीचा टीव्ही. सासूबाईंनी रात्री फ्रिज बंद करायला सुरुवात केली, दोन दिवस दूध नासलं तेव्हा तो उपाय थांबला. (फ्रिज बंद करून वाचतं किती तर रात्रीचं पाव-अर्धं युनिट, आणि दूध नासलं अर्धा लिटर.) शेजारचे म्हणाले कोणीतरी तुमच्या मीटरवरून वायर घेतलीय. आणि बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर एकमताने ठरलं की नवीन मीटर फास्ट आहे, कारण आमच्याकडे त्याच महिन्यात, १४ तारखेला, सगळ्यांचे जुने मीटर काढून नवीन लावले होते.

ह्या मीटरवरून काय काय झालंय ते सगळ्यांना माहितीय. जून २०२४ मध्ये तेव्हाचे ऊर्जामंत्री देवेंद्र फडणवीस यांनी जाहीर केलं होतं की सर्वसामान्य घरगुती ग्राहकांना प्रीपेड स्मार्ट मीटर लावणार नाही, आणि नंतर जे टीओडी (टाइम ऑफ डे, म्हणजे वेळेप्रमाणे वापर मोजणारे) मीटर यायला लागले ते पोस्टपेड आहेत, दिवसा वापरलेल्या विजेला थोडी सवलत वगैरे. पण लोकांच्या मनात एकदा शंका बसली ती बसली. माझ्याही बसली होती, उगाच शहाणपणा दाखवत नाही.

म्हणून आधी मीटरच तपासला. आमचा नेहमीचा वायरमन आला, त्याने घरातले सगळे एमसीबी स्विच खाली पाडले आणि मला मीटररूममधे उभं केलं, ती लाल लाइट लुकलुकतेय का बघा म्हणाला. ती लाइट वापराच्या प्रमाणात लुकलुकते, मीटरवर लिहिलेलंच असतं की किती वेळा लुकलुकली म्हणजे एक युनिट, कुठे १६०० कुठे ३२००. घरचं सगळं बंद असताना ती चालू राहिली तर कुठेतरी गळती आहे किंवा दुसऱ्याचा लोड आपल्यावर आहे. आमची लाइट थांबली. म्हणजे चोरीही नाही आणि गळतीही नाही, शेजाऱ्यांचा थोडा हिरमोड झाला. मग त्याने फक्त गिझर लावायला सांगितला, बाकी सगळं बंद, आणि गरम पाणी बादल्यांमधे सोडत राहायचं म्हणजे तो मधेच कट होणार नाही. गिझर २००० वॅटचा, म्हणजे तासाला दोन युनिट, पंधरा मिनिटाला अर्धं. पंधरा मिनिटांनी मीटर बघितला तर अर्धंच पुढे गेलेलं, उन्नीस-बीस. जून महिन्याच्या दुपारी सहा बादल्या गरम पाणी घेऊन बसलो पण मीटर निर्दोष सुटला.

तेव्हा मग मी जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं, चष्मा लावून बिल वाचलं. आपण सगळे बिलावर दोनच गोष्टी बघतो, रक्कम आणि शेवटची तारीख. त्याच्यामधे एक पट्टी असते: चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट, मग समा. युनिट, मग एकूण. आमचं चालू रीडिंग १३१, मागील शून्य, कारण मीटर नवीन. युनिट १३१. ठीक आहे, १४ तारखेनंतर एकोणीस दिवसांचे १३१, म्हणजे दिवसाला सात, उन्हाळ्यात एसी लावून बरोबर आहे. आणि पुढच्या त्या समा. युनिटच्या रकान्यात, जिथे गेल्या कित्येक वर्षात माझ्या एकाही बिलात शून्याशिवाय काही नव्हतं, तिथे ५८७.

समा. म्हणजे समायोजित. मीटर बदलला की जुन्या मीटरचे शेवटचे युनिट या रकान्यात येतात. म्हणजे नवीन मीटर फास्ट असल्याचा प्रश्नच नव्हता, त्याचे फक्त १३१ होते. जे काही वाढलं होतं ते जुन्या मीटरचं होतं, ज्याला सगळे इतकी वर्षं गरीब गाय म्हणत होते.

मागच्या बिलावर जुन्या मीटरचं रीडिंग होतं १४२०६, ३ तारखेचं. १४ ला तो काढला. अकरा दिवसात ५८७ युनिट? दिवसाला त्रेपन्न? मी कागदावर मांडलं. आमचा गिझर जर चोवीस तास चालू ठेवला तर दिवसाला ४८ युनिट जाईल. म्हणजे अकरा दिवस अकरा रात्री गिझर एकदाही बंद न करता चालला आणि वर रोज पाच युनिट इतर, तेव्हा कुठे ५८७ होणार. आणि गिझर तर पाणी तापलं की आपोआप थांबतो, त्यामुळे हे जमवायचं तर कोणीतरी अकरा दिवस बाथरूममधे बसून गरम पाणी सोडत राहायला हवं. ठाण्यात पाणी किती वेळ येतं ते तुम्हाला माहितीच आहे. आमच्या दिवसाच्या सात-आठ युनिटने अकरा दिवसांचे ८७ च्या आसपासच व्हायला हवेत, म्हणजे ५८७ मधले पाचशे जास्तीचे आणि खरा एकूण वापर २१८.

इथे स्लॅबबद्दल दोन शब्द लिहिते कारण ह्याचा हिशोब बऱ्याच जणांना कळत नाही, मलाही २०२० पर्यंत नीट कळत नव्हता. आठवत असेल, लॉकडाऊनमधे रीडिंग घेणं बंद होतं, एप्रिल-मेची बिलं सरासरीने आली आणि जूनमधे खरं रीडिंग घेऊन एकदम सगळं आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. तेव्हा आपण सगळे स्लॅब हा शब्द शिकलो. पहिल्या १०० युनिटला एक दर, १०१ ते ३०० ला त्याच्या जवळपास दुप्पट, ३०१ ते ५०० ला अजून वर, पाचशेच्या पुढे त्याहून वर. वहन आकार (वीज घरापर्यंत आणण्याचा) धरून साधारण सहा रुपये, अकरा रुपयांच्या थोडं वर, मग चौदा-पंधरा, मग सोळा-सतरा असं काहीतरी पडतं, दर वर्षाला थोडं इकडेतिकडे, आणि या सगळ्यावर १६ टक्के वीज शुल्क. आता बघा, वापर शंभराच्या वर असेल तर चुकून वाढलेलं युनिट कधी पहिल्या शंभरात बसत नाही. तुमचे खरे युनिट खालची स्वस्त जागा आधीच धरून बसलेले असतात, त्यामुळे चुकीचं प्रत्येक युनिट वरच्या महाग स्लॅबमधेच जाऊन बसतं. आमचे युनिट सव्वातीन पट झाले, पण बिल जवळजवळ पावणेपाच पट झालं. पाचशे युनिटच्या चुकीला आठ हजार सहाशे सत्तर रुपये, युनिटला सतरा रुपयांच्या वर. माझ्यासारख्या पेन्शनवालीच्या महिन्याच्या किराण्याहून जास्त.

पाचशे. गोल आकडा. पतपेढीत जिने टॅली केलीय तिला विचारा, फरक जर पाचशे, नऊशे, असा गोल निघाला तर चोरी नसते, आकडा चुकीचा उचललेला असतो. मला त्याच रात्री खात्री पटली की कोणीतरी एक अंक चुकीचा टाकलाय. शतकाच्या जागी. दोनाचा सात.

पण खात्री पटणं वेगळं आणि ऑफिसमधे पटवणं वेगळं. कोणत्या ऑफिसमधे ते लिहीत नाही, तिथली माणसं पण आपल्यासारखीच आहेत, एका टेबलावर तीन जणांचं काम आहे ते मी डोळ्यांनी बघितलंय, पण जे झालं ते झालं. पहिल्या दिवशी काउंटरवरच्या मुलीने बिल बघितलं आणि म्हणाली, "मॅडम मीटर बदललाय ना, तुमचा जुना स्लो होता, आता बरोबर दाखवतो." मी म्हटलं बाई, हे जुन्याचेच युनिट आहेत, नव्याचे नाहीत, हे बघ समा. युनिट. तिने बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाली आधी बिल भरा, मग अर्ज द्या, पुढच्या बिलात ॲडजस्ट होईल. मी म्हटलं अकरा हजार भरू? "भरावंच लागेल, नाहीतर लाइन कट होईल."

हे वाक्य मी त्या महिन्यात कमीत कमी पाच जणांच्या तोंडून ऐकलं आणि माझं पत्र लिहिण्याचं खरं कारण हे वाक्य आहे. आधी भरा मग बोला. किती लोक घाबरून भरतात, कर्ज काढून भरतात, मग अर्ज टाकून महिनोन्महिने वाट बघतात. हे वाक्य अर्धंच खरं आहे.

मला ते कळलं कचराळी तलावावर. सकाळी फिरायला जाते तिथे एक रिटायर्ड इलेक्ट्रिकल इंजिनीअर येतात, त्यांना बाकावर बसवून बिल दाखवलं. ते म्हणाले वहिनी, वीज कायदा २००३, कलम ५६ वाचा. त्यात दोन गोष्टी आहेत. एक, बिल थकलं म्हणून वीज तोडायची तर आधी पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. दुसरी, बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकाने निषेध नोंदवून, म्हणजे 'अंडर प्रोटेस्ट' असं लिहून, दोनातली जी कमी असेल ती रक्कम भरली तर वादाचा निकाल लागेपर्यंत वीज तोडता येत नाही. एक म्हणजे मागितलेली पूर्ण रक्कम, आणि दुसरी मागच्या सहा महिन्यात दरमहा सरासरी जे भरत होतात ती. सहा महिन्यांची सरासरी! आमची साधारण साडेसोळाशे येत होती. अकरा हजार कुठे आणि साडेसोळाशे कुठे, आणि हे काउंटरवर कोणीच सांगत नाही, भिंतीवर वीज वाचवा, एलईडी वापरा अशी तीन पोस्टर्स आहेत पण हे कुठेही नाही.

त्यांनी अजून एक सांगितलं की आधी कंपनीकडेच लेखी तक्रार, तिथे नाही सुटलं तर ग्राहक तक्रार निवारण मंच, तिथेही नाही तर विद्युत लोकपाल, हे सगळं महाराष्ट्र वीज नियामक आयोगाच्या नियमात आहे आणि ह्या मंचासमोर वकील लागत नाही, आपणच उभं राहून बोलायचं. आणि तक्रार लेखीच द्यायची. मी आधी मोबाईल ॲपवर तक्रार टाकली होती, ती दुसऱ्याच दिवशी 'निराकरण झाले' म्हणून बंद. कसलं निराकरण, कोणी फोनसुद्धा केला नव्हता.

मग मी पतपेढीच्या पद्धतीने अर्ज केला, दोन प्रती. मागचं रीडिंग, काढल्याची तारीख, अकरा दिवस, दिवसाला त्रेपन्न युनिट, गिझरचा हिशोब सुद्धा लिहिला (त्यावर साहेब हसले, पण वाचला), मागची बारा बिलं जोडली आणि तीन मागण्या: जुना मीटर काढताना जे शेवटचं रीडिंग घेतलं त्याचा कागद दाखवा, त्या वेळी काढलेला फोटो दाखवा, आणि वाद मिटेपर्यंत जुना मीटर भंगारात टाकू नका. आवक शिक्का आणि नंबर घेतल्याशिवाय मी खुर्चीवरून उठले नाही. आणि कलम ५६ प्रमाणे रक्कम भरायला गेले. आता गंमत, सरासरी साडेसोळाशे भरून चाललं असतं, पण मला माझा खरा वापर माहिती होता, त्यामुळे मी २१८ युनिटचे होतात तेवढे दोन हजार तीनशे सत्तर भरले. आमचे हे म्हणाले कायदा कमी भरा म्हणतो तर जास्त का? अहो जी वीज जाळली तिचे पैसे द्यायला काय हरकत आहे, माझं भांडण न जाळलेल्या विजेचं आहे. सिस्टीम पार्ट पेमेंट घेत नाही म्हणून आधी परत पाठवत होते, अर्जाची शिक्क्याची कॉपी आणि कलम दाखवलं तेव्हा आतून सही आणून घेतलं.

मधल्या काळात अजून एक प्रकार झाला तो सांगते कारण तो धोक्याचा आहे. एका संध्याकाळी मोबाईलवर मेसेज, तुमचं मागच्या महिन्याचं बिल अपडेट झालेलं नाही, आज रात्री साडेनऊला वीज कापली जाईल, ताबडतोब या अधिकाऱ्याच्या नंबरवर फोन करा. हे फसवणुकीचे मेसेज आपण पेपरात वाचलेत, फोन केला की एखादं ॲप डाउनलोड करायला लावतात आणि खातं साफ. पण एरवी मी हसून डिलीट केलं असतं तो मेसेज आणि त्या दिवशी माझं खरंच बिल बाकी होतं ना, आठ हजार सहाशे सत्तर, पोटात गोळा आला, नंबर डायल करायला घेतला होता. मग ते आठवलं, पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस. कायद्यातच रात्री साडेनऊ नाहीये. ज्याला हे कलम माहिती आहे त्याला तो मेसेज खोटा आहे हे कळायला सायबर पोलीस लागत नाहीत. सासूबाईंसारख्या माणसाला आला असता तर?

सासूबाईंवरून आठवलं, मीटर बदलला त्या दिवशी आम्ही कोणीच घरी नव्हतो, मुलगा होता पण हेडफोन लावून मीटिंगमधे. तर त्या माणसाने वर येऊन सासूबाईंची सही घेतली. चष्मा न लावता. त्यावर काय लिहिलं होतं त्यांना माहिती नाही, कॉपी दिली नाही, आणि त्यांनी त्या मुलाला सरबत मात्र दिलं. मी त्यांना काही बोलले नाही पण मनात आलं की पतपेढीत कोणी असं कोऱ्यावर सही केली असती तर आम्ही त्याला दाराबाहेर काढलं असतं.

ऑफिसच्या तिसऱ्या फेरीत एक तरुण इंजिनीअर भेटला, त्याचं नाव लिहायला आवडलं असतं. त्याने माझा अर्ज पूर्ण वाचला आणि म्हणाला काकू, बसा, फोटो असणारच, मीटर बदलताना ॲपमधे टाकावाच लागतो. दहा मिनिटं कंप्युटरवर शोधलं, नेट गेलं, परत आलं, आणि फोटो उघडला. आमचा जुना मीटर, मागे आमच्याच मीटररूमची भिंत, बाजूला मखराचा कोपरा सुद्धा दिसत होता. आकडा अगदी स्पष्ट. १४२९३.

अकरा दिवसांचे ८७ युनिट, दिवसाला आठ.

मग त्याने तो कागद काढला ज्यावर सासूबाईंची सही होती. त्यावरही १४२९३ च होतं, पण दोन घाईत लिहिलेला, खालची रेघ जवळजवळ नाहीच, आणि टायपिंग करणाऱ्याने तो सात वाचला. १४७९३. एवढंच. मीटर लावणारा चुकला नाही, मीटर चुकला नाही, फोटो बरोबर, कागद बरोबर, आणि आम्ही महिनाभर एकमेकांच्या टीव्ही-पंख्यांवर संशय घेत बसलो. पुरावा पहिल्या दिवसापासून त्यांच्याच कंप्युटरमधे होता, माझ्याकडून अकरा हजार मागणाऱ्या काउंटरपासून पंधरा फुटांवर.

त्या इंजिनीअरचं म्हणणं की बी-एटी करावी लागेल, बिल दुरुस्तीला ते लोक असंच म्हणतात, साहेबांची मंजुरी, मग वर. ते व्हायला पाच आठवडे लागले. मधे पुढच्या महिन्याचं बिल आलं त्यात ती बाकी दिसत होतीच. शेवटी दुरुस्ती झाली, पाचशे युनिट वजा झाले, आणि मी जे २,३७० भरले होते त्याच्याशी एक-दोन रुपयांच्या फरकाने जुळलं. खोटं कशाला बोलू, तो आकडा बघून पतपेढीतला मार्च एंड आठवला.

आता लोक म्हणतील एकाच घरात झालं असेल. आमच्याच बिल्डिंगमधे मी नंतर सगळ्यांची बिलं मागवली (आमचं नाव आता ग्रुपवर 'बिलवाल्या काकू' असं आहे). पंधरापैकी चौदांचे समा. युनिट बरोबर होते, त्यांचं बिल वाढलं होतं ते उन्हाळ्याचं. त्यातल्याच एका घरात मात्र गिझरचा थर्मोस्टॅट गेलेला, पाणी उकळलं तरी तो बंद होत नव्हता आणि ते लोक बटण चालू ठेवून ऑफिसला जायचे, त्यांना वायरमन हवा होता, पत्र नको. आणि उरलेल्या एका घरात परत हाच प्रकार, फक्त तिथे आकडा कमी पडला होता, म्हणजे त्यांना फायदा झाला होता! त्यांनी मला सांगितलं की कोणाला बोलू नका. बोलत नाहीये, पण त्यांना एवढं सांगितलंय की नवीन मीटर असला तरी जुन्या चुकीची बाकी कायद्याने दोन वर्षांपर्यंत मागता येते, तेव्हा पैसे बाजूला ठेवा.

म्हणून संपादक महाशय, माझं मीटर लावणाऱ्यांशी भांडण नाही, लावा नवीन मीटर, चांगले आहेत, माझ्या घरी सहा बादल्या पाणी तापवून मी स्वतः बघितलंय. पण आम्ही पतपेढीत जुनं लेजर संपलं आणि नवीन उघडलं की जुन्याची क्लोजिंग बाकी नव्याच्या पहिल्या पानावर लिहायचो, दोघांच्या सह्या व्हायच्या, आणि खातेदाराला पासबुकात तीच दिसायची. इथे नेमकी त्याच जागी भिंत आहे. नव्या मीटरचं पहिलं बिल येतं त्यावर नव्या मीटरचा फोटो, आणि जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग कुठेही नाही, फक्त एक मुका 'समा. युनिट'. मीटर बदलल्यानंतरच्या पहिल्या बिलावर जुन्या मीटरचं शेवटचं रीडिंग आणि तो फोटो छापा, फोटो तर काढलेलाच आहे, तो नुसता दाखवायचाय. मीटर काढतानाच्या कागदाची कॉपी घरात द्या. आणि काउंटरच्या काचेवर वीज वाचवाच्या पोस्टरशेजारी कलम ५६ च्या चार ओळी मराठीत लावा.

आणि तोपर्यंत, वाचकहो, मीटर बदलायला माणूस आला की खाली जा. जुना मीटर काढायच्या आधी त्याचा मोबाईलवर फोटो घ्या, नंबर आणि रीडिंग दोन्ही दिसेल असा. नव्याचाही घ्या. घरात एकटी म्हातारी माणसं असतील तर त्यांना सांगून ठेवा की सही करायच्या आधी शेजाऱ्याला हाक मारा. सरबत द्यायला हरकत नाही.

माझं अजून एक काम बाकी आहे. दुरुस्त बिलात पाचशे युनिट वजा केले, पण त्या आठ हजार सहाशे सत्तरवर उशिराचा म्हणून सव्वा टक्क्याने लावलेला विलंब आकार तसाच आहे, एकशे आठ रुपये. मुलगा म्हणतो आई सोड आता, रिक्षालाच जास्त गेले असतील. गेलेतच. पण पतपेढीत एक रुपयाचा फरक राहिला म्हणून आम्ही रात्री नऊ-नऊपर्यंत बसलोय. सोमवारी परत जातेय, अर्जाच्या दोन प्रती काढून ठेवल्यात.

आपली,
एक वाचक
पाचपाखाडी, ठाणे (प.)